ड्राफ्टमध्ये खेळाडूलाही पसंती हवी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवखे खेळाडू क्रमाक्रमाने निवडून घ्यायची पद्धत, दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस होतो. तीन दिवस, सात फेऱ्या, ३२ संघ आणि कॉलेजात खेळून तयार झालेली अडीचशेच्या वर मुलं. यातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाला कुठल्या शहरात राहायचंय, कुठल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकायचंय, हे कुणी विचारत नाही. पन्नासाव्याला विचारत नाहीत, दोनशेव्यालाही नाही. सातवी फेरी संपते आणि मग ज्यांचं नाव एकाही संघाने घेतलं नाही अशा मुलांचे फोन वाजू लागतात. त्यातल्या एखाद्याला तीन-चार संघ बोलावतात. तो एजंटबरोबर बसून हिशेब करतो: कुठल्या संघात माझ्या जागेवर गर्दी कमी आहे, कुठला प्रशिक्षक नवख्यांना मैदानात उतरवतो. आणि तो स्वतः ठरवतो. म्हणजे या सगळ्या व्यवस्थेत संघ निवडण्याचा हक्क फक्त त्याला आहे, ज्याला कुणी निवडलेलं नाही. सातव्या फेरीत शेवटी शेवटी नाव येण्यापेक्षा न आलेलंच बरं, हा हिशेब एजंट मंडळी उगाच मांडत नाहीत.

हा हक्क पहिल्या क्रमांकाच्या मुलापासून सगळ्यांना मिळाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खेळाचं त्यात काही बिघडणार नाही. उलट ज्या कारणासाठी ड्राफ्ट सुरू झाला ते कारण आज दुसऱ्या मार्गांनी सांभाळलं जातंय.

सुरुवात कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. १९३५ साली फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली. त्यांचा संघ सतत हरायचा आणि चांगला खेळाडू शिकागो किंवा न्यूयॉर्कच्या श्रीमंत संघाकडे जायचा. त्यांनी सुचवलं, की सर्वांत कमजोर संघाने आधी निवडावं आणि एकदा एका संघाने नाव घेतलं की दुसऱ्याने त्या खेळाडूशी बोलणी करू नयेत. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. पहिलं नाव होतं शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं. फिलाडेल्फियाने त्याचे हक्क शिकागो बेअर्सना दिले, बेअर्सच्या जॉर्ज हॅलस यांना त्याचा आकडा परवडला नाही, आणि बरवँगर रबराच्या कंपनीत नोकरीला लागला. व्यावसायिक सामना तो एकही खेळला नाही. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिलाच खेळाडू खेळापासून दूर गेला, कारण त्याच्याशी व्यवहार करायची मुभा एकाच संघाला होती.

आज हा ड्राफ्ट मोठा उत्सव झालाय. २०२४ साली डेट्रॉइटमध्ये तीन दिवसांत पावणेआठ लाख लोक रस्त्यावर उतरले होते. गुरुवारी संध्याकाळी तिकडे पहिली फेरी सुरू होते तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची पहाट असते, आणि गजर लावून उठणारे रसिक आता भारतातही आहेत. मंचावर लीगचे आयुक्त नाव पुकारतात, मुलगा रडत आईला मिठी मारतो, संघाची टोपी डोक्यावर चढते. तो आनंद खराच असतो. गरिबीतून वर आलेल्या घरासाठी तो क्षण किती मोठा असतो हे मला कळतं. पण त्या आनंदामुळे व्यवस्थेला प्रश्न विचारायचे नाहीत, हे मला मान्य नाही.

त्या मंचाच्या दोन महिने आधी काय होतं ते जवळून पाहावं. १९८७ पासून इंडियानापोलिसमध्ये ‘कम्बाइन’ भरतं. तिथे तीनशेच्या वर मुलांना बोलावतात. चाळीस यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर पळायचं आणि वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायची. १०२ किलोचं वजन जमेल तितक्या वेळा छातीवरून उचलायचं. उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत मापतात. हाताची लांबी मापतात. पंजा टेबलावर पसरवून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतरही मापतात, आणि क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचा, पंजा नऊ इंचांपेक्षा लहान भरला, तर टीव्हीवर आठवडाभर चर्चा चालते. केनी पिकेटचा साडेआठ इंच भरला तेव्हा हेच झालं होतं. मग डॉक्टर येतात. एकामागून एक संघांचे डॉक्टर तोच गुडघा, तोच खांदा वाकवून पाहतात. मुलाखतीत काय विचारतील याचा नेम नाही. २०१० मध्ये डेझ ब्रायंटला त्याच्या आईच्या चारित्र्याबद्दल प्रश्न विचारला गेला आणि बभ्रा झाल्यावर मायामीच्या व्यवस्थापकाला जाहीर माफी मागावी लागली. मोजली जाणारी मुलं बहुतांशी कृष्णवर्णीय, आणि संघांच्या मुख्य मालकांत आजवर एकही कृष्णवर्णीय नाही. हे चित्र पाहून अस्वस्थ होणारे खुद्द अमेरिकेतच पुष्कळ आहेत.

संघ कोट्यवधी डॉलर गुंतवणार, तर त्याने गुडघा तपासावा, वेग मोजावा, याला माझी हरकत नाही. पण तपासणी एकतर्फी का? खेळाडूने संघाचं काय तपासायचं? त्याच्या रक्षणाला पुढे कोणती फळी उभी राहणार आहे, प्रशिक्षक दर दोन वर्षांनी बदलतात का, जखमी खेळाडूला घाईने मैदानात ढकलतात का, हे त्याने विचारलं तरी उपयोग काय? नकाराधिकार त्याच्या हातात नाहीच.

आणि हे प्रश्न त्याच्या हाडामांसाचे आहेत. २००२ साली ह्यूस्टन टेक्सन्स हा नवाकोरा संघ होता. त्याने पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला. त्याच्यासमोरची बचावाची फळी इतकी कच्ची होती, की पहिल्याच मोसमात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला ७६ वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडलं. तो विक्रम अजून कायम आहे. दहा वर्षांनी इंडियानापोलिस कोल्ट्सने अँड्र्यू लकला पहिल्या क्रमांकावर निवडलं. असा क्वार्टरबॅक पिढीत एकदाच येतो, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. त्यालाही वर्षानुवर्षं दुबळ्या फळीमागे उभं केलं गेलं. खांदा गेला, मूत्रपिंड फाटलं, २०१७ चा अख्खा मोसम बाहेर बसून काढावा लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी त्याने निवृत्ती पत्करली. सराव सामना सुरू असतानाच ही बातमी फुटली आणि मैदानातून बाहेर पडताना त्याच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. उलट पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीकडे गेला. तिथे अँडी रीडसारखा प्रशिक्षक होता, अ‍ॅलेक्स स्मिथसारखा अनुभवी क्वार्टरबॅक होता, आणि पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण बसून शिकायला मिळालं. माहोम्स कुठेही गेला असता तरी चमकला असता, असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. खेळाडू कुठे वाढतो यावर तो किती वाढतो हे अवलंबून असतं, आणि सर्वांत गुणी मुलाला सर्वांत विस्कटलेल्या संघाकडे पाठवायचा नियमच ड्राफ्टने करून ठेवलाय.

‘पण त्यामुळे कमजोर संघ सुधारतात’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. खरंच सुधारतात का? क्लीव्हलंड ब्राउन्स १९९९ मध्ये नव्याने उभे राहिल्यापासून त्यांना चार वेळा पहिला क्रमांक मिळाला: १९९९, २०००, २०१७ आणि २०१८. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, त्यांनी अजून पाहिलेला नाही. २०१६ मध्ये ते सोळापैकी एकच सामना जिंकले, २०१७ मध्ये एकही नाही. दुसरीकडे टॉम ब्रेडी २००० साली सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि न्यू इंग्लंडला त्याने सहा सुपर बोल जिंकून दिले. संघ सुधारतो तो चांगल्या व्यवस्थापनाने. वाईट व्यवस्थापनाला दरवर्षी वरचा क्रमांक मिळत राहिला, की त्याला बदलायची निकड वाटत नाही. शिवाय मोसम हातातून गेला, की उरलेले सामने हरण्यातच संघाचा फायदा असतो. २०११ मध्ये लक मिळावा म्हणून कोल्ट्सने हरावं, अशी आशा त्यांचे काही चाहते उघड बाळगून होते. ज्या खेळात स्वतःच्या संघाच्या पराभवाची वाट पाहावी लागते, तिथे नियमातच काहीतरी चुकलंय.

आता पैशाकडे येऊ, कारण माझ्या मते गाभा तिथेच आहे.

ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा खेळाडू, क्रमांक २६२. पहिल्याच मोसमात तो सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोल खेळला. त्या मोसमात त्याचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. त्याच मोसमाच्या तोंडावर सिनसिनाटीच्या जो बरोने वर्षाला सरासरी साडेपाच कोटी डॉलरचा करार केला होता. पर्डीच्या संघाला पगार वाढवून द्यायचा असता तरी देता आला नसता, कारण ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार तीन मोसम संपेपर्यंत बदलायचा नाही, असा नियम आहे. पर्डीला पुढे २०२५ मध्ये साडेसव्वीस कोटींचा करार मिळाला. त्याचं नशीब, की मधल्या काळात त्याचा कोपर किंवा गुडघा कायमचा गेला नाही. खेळाडू संघटनेच्या हिशेबाने या खेळातली सरासरी कारकीर्द तीन वर्षांच्या जरा वर असते आणि पहिला करार चार वर्षांचा. याचा अर्थ सरळ आहे. बहुतेक मुलांच्या आयुष्यात दुसरा करार येतच नाही. बाजारात स्वतःची किंमत काय, हे कळायच्या आत कारकीर्द संपते.

२०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता. पुढच्याच वर्षी मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला नवा सामूहिक करार आला, नवख्यांचे पगार क्रमांकानुसार बांधून टाकले गेले, आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. वाचलेला पैसा अनुभवी खेळाडूंना मिळेल असं सांगितलं गेलं. काहींना मिळालाही. पण रिचर्ड थेलर (ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टचा जो अभ्यास केला, त्यातून दिसतं ते असं, की संघ वरच्या क्रमांकांना अवाजवी किंमत देतात, कारण आपली पारख अचूक आहे असा त्यांचा समज असतो. खरा फायदा निघतो तो स्वस्तात मिळालेल्या खेळाडूच्या कामगिरीतून. ती कामगिरी खेळाडूची, आणि तिच्या मोबदल्यातला मोठा वाटा संघाच्या खात्यात.

आयपीएलच्या लिलावातही खेळाडू संघ निवडत नाही, हे खरं. पण तिथे निदान संघ एकमेकांवर बोली चढवतात आणि ती वाढ खेळाडूच्या पदरात पडते. ड्राफ्टमध्ये तेही नाही. गंमत अशी, की २००८ साली आयपीएलनेही १९ वर्षांखालील मुलांसाठी ठरावीक मानधनाचा छोटा ड्राफ्ट घेतला होता. त्यात दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतलं आणि दिल्लीचा विराट कोहली बंगळुरूकडे गेला.

कायद्याच्या कसोटीवर काय झालं? ‘याझू’ या नावाने ओळखला जाणारा जेम्स स्मिथ १९६८ मध्ये वॉशिंग्टनने पहिल्या फेरीत घेतला. पहिल्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेला दुखापत झाली आणि खेळ कायमचा संपला. त्याने दावा लावला, की ड्राफ्ट नसता तर मी सर्व संघांशी बोलणी करून जखमेपासून संरक्षण देणारा करार मिळवला असता. न्यायालयाला ते पटलं. १९७८ मध्ये अपील न्यायालयानेही तो ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो असं म्हटलं. तरीही ड्राफ्ट टिकला, कारण तोवर खेळाडू संघटनेने सामूहिक करारात त्याला संमती दिली होती, आणि संघटनेशी झालेल्या कराराला त्या कायद्यातून सूट मिळते. २००४ मध्ये ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने शाळा सोडल्यावर तीन वर्षं थांबायच्या अटीला आव्हान दिलं. तोही अपिलात याच मुद्द्यावर हरला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

कायद्याने हे बरोबर असेल. न्यायाने आहे का? संमती दिली ती संघटनेतल्या त्या वेळच्या खेळाडूंनी. ज्या मुलांचे पगार आणि पत्ते त्या करारात ठरले, ती तेव्हा शाळा-कॉलेजात होती. त्यांना मत नव्हतं. ज्याच्या जिवावर तडजोड होते, तोच खोलीबाहेर असतो.

नकार देता येतो, असंही म्हणतात. देता येतो, पण कुणाला? १९८३ मध्ये जॉन एल्वेने बाल्टिमोरला नकार दिला, कारण त्याच्या हातात बेसबॉलचा पर्याय होता. १९८६ मध्ये बो जॅक्सनने टँपा बेला नाकारलं आणि तो खरोखरच बेसबॉल खेळायला गेला. २००४ मध्ये इलाय मॅनिंगने सॅन डिएगोला नको म्हटलं, तेव्हा त्याच्यामागे वडिलांचं, आर्ची मॅनिंग यांचं नाव उभं होतं. आर्चींनी हरणाऱ्या न्यू ऑर्लीन्ससाठी अंग झिजवलेलं असल्याने वाईट संघात पडणं म्हणजे काय हे त्या घराला पक्कं माहीत होतं. मिसिसिपीच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या, आईचं कर्ज फेडायला निघालेल्या तिसऱ्या फेरीतल्या मुलाने नकार दिला तर? वर्षभर घरी बसायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचं.

यात मला सर्वांत चमत्कारिक वाटतं ते वेगळंच. हाच मुलगा सतरा वर्षांचा असताना त्याला निवडीचा पूर्ण हक्क असतो. नामांकित विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याच्या घरी येऊन सोफ्यावर बसतात, त्याच्या आजीच्या हातचं जेवतात, आमच्याकडे ये म्हणून आर्जवं करतात. २०२१ पासून त्याला नाव आणि प्रतिमेचे पैसे घेता येतात, कॉलेज बदललं तरी वर्ष वाया जात नाही, आणि २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्याला थेट पैसे देऊ लागली आहेत. विद्यार्थी म्हणून तो आपला संघ निवडतो. बावीस वर्षांचा व्यावसायिक झाला, की निवड संपते.

मग करायचं काय? अमेरिकेतल्याच महिला फुटबॉलने, म्हणजे आपल्या ओळखीच्या पायाने खेळायच्या फुटबॉलच्या एनडब्ल्यूएसएल लीगने, ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या सामूहिक करारात ड्राफ्ट बंदच करून टाकला. आता कॉलेजातून येणारी मुलगी हव्या त्या संघाशी बोलते. म्हणजे अमेरिकेत हे होऊच शकत नाही, हा मुद्दा निकालात निघाला.

दुसरी वाट आपल्याकडच्या अनेक घरांना ठाऊक आहे. इथून एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीला गेलेल्या कुठल्याही डॉक्टरला ‘मॅच’बद्दल विचारा. उमेदवार आपल्या पसंतीची रुग्णालयं क्रमाने लावतो, रुग्णालयं आपले उमेदवार क्रमाने लावतात, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. १९५२ पासून ही पद्धत चालू आहे. १९९० च्या दशकात अ‍ॅल्विन रॉथ यांनी ती उमेदवारांच्या पसंतीला अग्रक्रम मिळेल अशी सुधारली, आणि २०१२ मध्ये त्यांना लॉइड शॅप्ली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पगाराच्या बाबतीत ‘मॅच’वरही टीका होते आणि ती योग्य आहे. पण दोन्ही बाजूंची पसंती जुळवता येते, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

माझी सूचना यांच्या मधली आहे. आज प्रत्येक क्रमांकाला रक्कम ठरलेली आहेच, आणि वाईट संघाकडे वरचे क्रमांक असल्याने त्याच्या वाट्याला नवख्यांसाठी जास्त रक्कम येते. ती रक्कम तशीच ठेवा, क्रमांक काढून टाका. सर्वांत कमजोर संघाला सर्वांत मोठी थैली, विजेत्याला सर्वांत लहान. त्या थैलीतून कुणाला किती द्यायचं हे संघाने ठरवावं, आणि कुणाची थैली घ्यायची हे खेळाडूने. कमजोर संघाला पैशाचं झुकतं माप मिळेल, पण माणूस आपोआप मिळणार नाही. आमच्याकडे का यावं, हे त्याला मुलाला पटवून द्यावं लागेल. फळी मजबूत करावी लागेल, डॉक्टर चांगले ठेवावे लागतील, प्रशिक्षक टिकवावा लागेल.

सगळे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि डॅलसकडे धावतील, ही भीती १९३५ मध्ये खरी होती. तेव्हा पगाराला कमाल मर्यादा नव्हती आणि टीव्हीचा पैसा नव्हता. आज सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा, सर्वांना सारखी आहे. देशभरच्या प्रक्षेपणासह लीगचं सामाईक उत्पन्न ३२ संघांत समान वाटलं जातं, आणि तो वाटा संघामागे वर्षाला चाळीस कोटी डॉलरच्या वर आहे. शिवाय संघात जागा मोजक्याच असतात. माहोम्सच्या मागे बाकावर बसायला कुठला गुणी क्वार्टरबॅक जाईल? उदाहरणच हवं तर १९९३ घ्या. अनुभवी खेळाडूंना खुलेपणाने संघ बदलायची मुभा मिळाली ते पहिलं वर्ष. सर्वांना हवा असलेला बचावपटू होता रेजी व्हाइट. तो गेला ग्रीन बेला, विस्कॉन्सिनच्या थंडीतल्या, लाखभर वस्तीच्या गावात, लीगमधल्या सर्वांत छोट्या शहरात. तीन मोसमांनंतर, चौथ्यात, त्या संघाने सुपर बोल जिंकला. खेळाडूला निवड दिली, तर तो नेहमी दिव्यांच्या झगमगाटाकडेच जातो असं नाही.

सध्याचा सामूहिक करार २०३० च्या मोसमापर्यंत आहे. मालकांना मोसमात अठरावा सामना हवा आहे, आयुक्त रॉजर गुडेल त्याबद्दल जाहीरपणे बोलतात, आणि तो संघटनेच्या होकाराशिवाय मिळणार नाही. खेळाडूंच्या हातात इतकं वजन फार वेळा येत नाही. संघटनेने त्या अठराव्या सामन्याच्या बदल्यात फक्त पगारातली टक्केवारी मागू नये. पहिल्या कराराची मुदत चारवरून तीन वर्षांवर आणावी, दुसऱ्या मोसमानंतर तो बदलायची मुभा मागावी, आणि ड्राफ्टमधल्या मुलाला आपली पसंती नोंदवता येईल अशी तरतूद मागावी. आज शाळेत खेळणारी मुलं त्या टेबलाशी नसतील. त्यांच्या वतीने बोलायचं काम आज लॉकर रूममध्ये बसलेल्या, याच रांगेतून आलेल्या खेळाडूंचं आहे.